हर्षदाला दिलेला शब्द

हर्षदा गेली हे मला ओहोटी लागल्यावर कळलं. ती गेली तेव्हा खाडीला भरती होती, आणि भरतीचं पाणी चढलं की आमच्या वाडीतले फोन तेव्हा लागत नसत. अलिबागच्या हॉस्पिटलातून तिचा भाऊ मला फोन करत राहिला, तो लागला नाही. बंदराच्या टोकाला दुसऱ्या टॉवरची थोडी रेंज मिळते, तिथं बर्फाच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या बर्फवाल्याला आधी कळलं. त्यानं मासळी सुकवणाऱ्या हिराकाकीला सांगितलं, हिराकाकीनं सगळ्या कोळीवाड्याला. पाणी उतरलं तेव्हा माझा फोन वाजला. मी आमच्या ओट्यावर पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. तिची सगळ्यांत जुनी मैत्रीण मी, आणि बातमी मला बर्फवाल्याच्या नंतर… रडू आलंच, पण आधी राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि हा लेख त्या रागातूनच लिहिलेला आहे. ज्यांना हळवं काही वाचायचं असेल त्यांच्यासाठी वाडीच्या नाक्यावर फ्लेक्स लावलेला आहे.

त्या फ्लेक्सवर तिचा हेल्मेट घातलेला फोटो आहे आणि खाली लिहिलंय, ‘वाडीला रेंज देणारी वाघीण’. हे खोटं आहे. रेंज हर्षदानं आणली नाही, रेंज आधीपासून होती. टॉवर सुरुवातीपासून वाडीच्या मागच्या टेकाडावर उभा आहे आणि फोनवर काड्या पूर्ण दिसायच्या. काड्या पूर्ण, आणि फोन लागत नाही! याच गोष्टीवर मी कितीतरी पत्रकं काढली, तहसीलवर मोर्चे नेले, ‘नवा टॉवर द्या’ म्हणून घसा बसवला. आणि ही माझी मैत्रीण, जी स्वतः टॉवरच्या कामावर होती, मला म्हणायची, “सुजे, तू चुकीच्या माणसाच्या नावानं बोंबलतेस. टॉवर म्हणजे बंदराचा धक्का. धक्का केवढाही बांध, मागचा रस्ता बैलगाडीचा असला तर मासळी धक्क्यावरच कुजणार. तुमच्या टॉवरच्या मागचा रस्ता बघ.”

आम्ही दोघी एका शाळेतल्या, एका बाकावरच्या. ती कोळीवाड्यातली, तिच्या वडलांची होडी. मी रस्त्याच्या अलीकडच्या बौद्धवाडीतली, वडील शिक्षक. बारावीनंतर ती इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला गेली आणि मी चळवळीत. तिला एका मोबाइल कंपनीच्या ठेकेदाराकडं नोकरी लागली, जुन्या टॉवरांची मागची जोडणी बदलायची. न्हावा शेव्यापासून तळा गावापर्यंत ती बाइकवरून फिरायची. मीही फिरायचे, एसटीनं, खांद्याला पत्रकांची पिशवी लावून. दोघी लोकांसाठीच फिरत होतो. तिला पगार होता, कोट होता, हेल्मेट होतं, आणि जिथं जाईल तिथं चहा होता. मला चहा देताना लोक आधी विचारत, “कुठल्या पक्षाच्या?”

एकदा ती मला तळा गावाला घेऊन गेली. टॉवरच्या पायथ्याशी एक लोखंडी कपाट उघडून मला म्हणाली, “हे बघ, इथं तीन पेट्या होत्या. जुन्या फोनची वाट वेगळी, त्यानंतरच्या पिढीची वेगळी, फोरजीची वेगळी. तिन्हींची भाडी वेगळी, दुरुस्त्या वेगळ्या. आता ही एकच पेटी. बोलणं, मेसेज, सिनेमा, सगळ्याचे बारीक तुकडे होतात, आयपीचे, म्हणजे इंटरनेटचे, आणि एकाच फायबरमधून जातात.” तिनं कपाटाच्या आतली धूळ ओढणीनं पुसली. मी तिचा चेहरा बघत होते. त्या पेटीकडं ती ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेनं तिनं माझ्या एकाही पत्रकाकडं कधी बघितलं नव्हतं. म्हणून मी भांडण काढलं. सगळे एकाच वाटेनं जाणार तर आधी कोण जाणार, असं मी तिला विचारलं. ती खूश झाली, तिला वाटलं मला विषयात रस आला. म्हणाली, “आवाज आधी. आवाजाचा तुकडा उशिरा पोचला तर त्याचा उपयोग नाही. सिनेमा थांबला तर थांबला.”

“आणि ही रांग लोकांना विचारून ठरवलीस?”

“हिराकाकीला विचारलं.”

“हिराकाकी म्हणजे लोक?”

“होडीवरनं बर्फ किती लागणार ते सांगायचा फोन आधी की पोरांचा पिक्चर आधी, असं विचारलं. काकी म्हणाली, पिक्चर काय वास मारतोय व्हय?”

लोकांना विचारणं हा माझा विषय होता. तोही तिनं माझ्या हातातून काढून घेतला, आणि तिला ते कळलंसुद्धा नाही. परत येताना बाइकवर ती गाणी म्हणत होती आणि मी मागं तोंड फुगवून बसले होते.

आता पत्रकाची गोष्ट. मागच्या उन्हाळ्यात मी एक पत्रक काढलं. त्याचं शीर्षक होतं, ‘साहेब, तुमचा टॉवर भरती-ओहोटीवर चालतो का?’ हा टोमणा होता. होड्या परतायच्या वेळेला फोन जातात, तेव्हा वाडीतल्या बायका चिडून म्हणायच्या, पानी आला का फोन मेला. त्यावरून मला ते सुचलं. पत्रक हर्षदाच्या हातात पडलं आणि तिचा फोन आला.

“सुजे, हे कुठनं आणलंस?”

“डोक्यातून. का, झोंबलं?”

“पुन्हा वाच एकदा मला.”

मी वाचलं. पलीकडं कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, “आईशप्पथ…” आणि ठेवूनच दिला.

आमच्या टॉवरला फायबर नव्हतं. त्याची मागची जोडणी म्हणजे एक ताटली, गोल डिश. ही ताटली खाडीपलीकडच्या डोंगरावरच्या ताटलीशी बोलते, मध्ये नुसतं पाणी. हर्षदानं टॉवरच्या बिघाडाच्या वेळा आणि भरतीच्या वेळा शेजारी शेजारी ठेवल्या. पाणी एका ठरावीक उंचीला आलं की ताटलीचे सिग्नल पाण्यावरून उसळून पलीकडं पोचत होते आणि सरळ गेलेल्या सिग्नलांना मारत होते. पाणी उतरलं की पुन्हा सगळं ठीक. ऑफिसातल्या लोकांना हे बिघाड कसेही, केव्हाही होतात असं वाटत होतं, कारण भरतीची वेळ रोज सरकते. टॉवर खरोखरच भरती-ओहोटीवर चालत होता! माझा टोमणा शब्दशः खरा होता.

हर्षदानं हे कंपनीच्या मोठ्या ऑफिसात पडद्यावर दाखवलं. तोवर फायबर बंगल्यांच्या रस्त्यानं जाणार होतं. तिकडं शनिवार-रविवारचे मुंबईकर, त्यांची गिऱ्हाइकी मोठी. वाडीचा टॉवर ताटलीवरच ठेवायचा असं ठरलं होतं. तिनं भांडून तो आराखडा फिरवला. फायबर वाडीतून, मासळी सुकवायच्या मैदानातून टेकाडावर न्यायचं ठरलं. तिला शाबासकी मिळाली, बढती मिळाली, वाडीत तिचा नारळ देऊन सत्कार झाला. मी टाळ्या वाजवल्या. रात्रभर तळमळण्याइतकी मी साधी नाही, मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात गेले आणि विचारलं, “पत्रकाचं नाव घेतलंस का तिथं?”

ती दात घासत होती. तोंडात फेस तसाच ठेवून म्हणाली, “अगं, साहेबलोकांच्या मीटिंगमध्ये टोमणा कसा दाखवू?”

“टोमणा नव्हे, शोध होता तो.”

“शोध कसा? तुला तरी माहीत होतं का खरं आहे ते?”

या वाक्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि ती आता असं उत्तर ऐकायला नाही. हा तिनं मला दिलेला सगळ्यांत मोठा दगा आहे.

मैदानातून खणायचं म्हणजे बायकांची परवानगी हवी. ते मैदान ग्रामपंचायतीच्या कागदावर काहीही असो, वाडीत ते बायकांचं आहे. एकेकीचा वाफा ठरलेला, सासूकडून सुनेकडं आलेला. पावसाळा संपला की बांबू उभे राहतात, दोऱ्या ताणल्या जातात आणि बोंबील वाळत पडतात, मग तिथं कुदळ लावायची कुणाची छाती नाही. हर्षदानं सभा बोलावली नाही. ती उरलेल्या उन्हाळ्यात दर सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन बसली. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, हे तिचे हात लहानपणापासून करत आलेले. जोड्या टाकता टाकता तिनं एकेकीकडून शब्द घेतला. मी रस्त्यावरून जाता-येता बघायचे. मला कुणी “ये, बस” म्हटलं नाही. मोर्च्याला याच बायका माझ्या मागं चालल्या होत्या, माझ्या घोषणा देत. पण त्या मैदानात मला बसायला जागा नव्हती, आमच्या बौद्धवाडीतल्या कुठल्याच बाईला कधी नव्हती. हर्षदा मला हाक मारायची, “ये की सुजे!” ती हाक मारायची, कारण हाक मारणं तिला सोपं होतं.

बायकांनी शब्द दिला तो असा: पाऊस उघडल्यावर, दोऱ्या ताणायच्या आत खणा आणि बुजवा. म्हणजे काम करायला मिळणार ते मधले थोडेच दिवस. ते चुकले तर पुढच्या वर्षापर्यंत मैदान बंद, आणि तोवर ठेकेदार काय थांबतोय, तो फायबर बंगल्यांच्या बाजूला नेणार. हे सगळ्यांना माहीत होतं.

पावसात मोजणी करायला ती शेतातल्या साचलेल्या पाण्यातून फिरली. ताप आला, अंगावर काढला, डोळे पिवळे झाले तेव्हा अलिबागला नेलं. लेप्टो, साचलेल्या पाण्यातून होणारा. मी भेटायला गेले तर वॉर्डाबाहेर निम्मा कोळीवाडा बसलेला, मला रांगेत उभं राहावं लागलं. आत गेले तर मला बघून म्हणाली, “आलीस? पत्रकं नाही आणलीस?” मी हसले. म्हटलं, बरी होतेय. पण माझ्या मागोमाग नाईक आत आला. हा तिच्या ठेकेदाराचा सुपरवायझर, पेणचा, सरळ माणूस. त्याला बघून ती उशीवरून उठायला लागली आणि मैदानाबद्दल बोलायला लागली. दोऱ्या, बांबू, हिराकाकी, दसरा… नर्सनं आम्हाला बाहेर काढलं. तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं पत्रकांची चेष्टा, आणि नाईकशी सगळं कामाचं. नाईकला मी अजून नीट माफ केलेलं नाही, आणि त्या बिचाऱ्याला ते माहीतही नाही.

तिच्या बाराव्याला मी मांडवाच्या कडेला बसले होते. कंपनीचे लोक एकसारखे शर्ट घालून आले, हार घातला, ‘आमच्या परिवारातली’ म्हणाले. बर्फवाला हुंदके देऊन रडला. शाळेत तिला मारणारी एक बाई सांगत होती, आमची किती दोस्ती. प्रत्येकाची हर्षदा वेगळी, प्रत्येकाची सगळ्यांत जवळची. मला उठून ओरडावंसं वाटत होतं की ही काय वाटपाची मासळी आहे का? जेवणं झाल्यावर हिराकाकी सगळ्यांसमोर म्हणाली, “हर्षीला दिलेला शब्द आज सुटला.” कोळीवाड्यात ही रीत आहे. माणसाला दिलेला शब्द त्याच्या बाराव्याला सुटतो, मेलेल्याला कुणी बांधून ठेवत नाही. नाईकला ते कळलंच नाही, तो मान डोलवत होता. मला कळलं. मैदान बंद झालं होतं.

पाऊस उघडला तसा नाईक माझ्याकडं आला. माझ्याकडं! म्हणाला, “ताई, तुम्ही बायकांची संघटना चालवता. वरून विचारणा होतेय. आठवड्यात खणलं नाही तर लाइन बंगल्यांकडं वळवायला सांगितलंय.” मी मला येतं तेच केलं. समाजमंदिरात सभा लावली, पत्रक छापलं, ठरावाचा मसुदा केला. सभेला हर्षदाची आई सोडून सगळ्या येतील असं वाटलं होतं. तिची आई दुःखात, घराबाहेर पडत नव्हती. पण कुणीच आलं नाही. मी, नाईक आणि सतरंज्या. नाईक म्हणाला, “मॅडम असत्या तर…” मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

मग मी मैदानात गेले. बायका बांबूंसाठी खड्डे करत होत्या. मी कडेला उभी राहून बोलायला लागले, टॉवर, भरती, बंगलेवाले, अन्याय. हिराकाकी खड्ड्यातली माती हातानं काढत होती. वर न बघता म्हणाली, “ता सगला माहीत हाय आमाना. शब्द हर्षीला दिलेला. कंपनीला न्हाय, तुज्या संघटनेला पन न्हाय.”

“मग आता काय करायचं?”

“तिचं कुनी मागायला येऊदे. नवा शब्द देऊ.”

तिचा भाऊ होडीवर, दर्यात. आई उंबऱ्याच्या आत. मी म्हटलं, “मी आलेय ना.”

“तू कोन तिची?”

“मैत्रीण.”

“मैत्रिनी मस व्हत्या तिच्या.” एक-दोघी हसल्या. मला बाराव्याचा तो मांडव आठवला आणि माझं डोकं फिरलं.

“असतील पुष्कळ! तुमच्यातल्या एकीशी तरी ती भांडली का कधी? तुम्हाला गोड बोलली, तुमच्या जोड्या टाकल्या, तुमचा सत्कार घेतला. भांडायला मी होते. रोज. फोनवर, रस्त्यावर, दात घासताना. अख्ख्या वाडीत ती माझ्या एकटीशी भांडायची. आणखी कुणाशी भांडली असेल तर तिनं हात वर करावा!”

कुणी हात वर केला नाही. हिराकाकी खड्ड्यातून उठली, हात लुगड्याला पुसले आणि मला नीट बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच.

“ता खरा हाय,” ती म्हणाली. “ही बंधाऱ्यावर उभी रावून वरडायची आनि तिकरं ती. पानी चरला का फोन कट. मंग ही मेली एकलीच वरडत बसायची, तिला वाटं अजून ऐकतेय ती.”

सगळ्या हसल्या. मला माहीतही नव्हतं की वाडी आमची भांडणं ऐकते. हसून झाल्यावर हिराकाकी म्हणाली, “खना. पन दिवालीच्या आत बुजवा. आनि माज्या खांबाला हात लावायचा न्हाय.”

एवढंच. मी इतकी वर्षं हक्क, ठराव, निवेदन करतेय, आणि परवानगी मिळाली ती या एका गोष्टीवर की मी हर्षदाशी भांडायचे. तीही तिच्याच नावावर मिळाली. आनंद झाला का? झाला, आणि चीडही आली. दोन्ही खरं आहे.

नाईकच्या माणसांनी चर खणला, नळी टाकली, तिच्यातून फायबर ओढलं, चर बुजवला. टेकाडावरच्या कपाटातल्या जुन्या पेट्या उतरल्या, एक नवी बसली, आणि खाडीपलीकडं तोंड करून बसलेली ताटली खाली आली. अमावस्येच्या मोठ्या भरतीला, भर दुपारी, पाणी बंधाऱ्याला लागलेलं असताना होडीवरून हर्षदाच्या भावाचा फोन आईला लागला. एवढा बर्फ सांग, एवढे टोपले सांग. आईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पानी किती चरलाय रं?” तो म्हणाला, “पुरा.” मग ती माउली बराच वेळ फोन कानाला लावून नुसती बसली, आणि तोही ठेवेना. मी समोरच होते. मी बाहेर आले. तिथं माझं काही काम नव्हतं.

जिथून फायबर गेलं तिथं कंपनीनं खुणेचे दगड पुरलेत, गुडघ्याएवढे, वर पिवळा रंग, म्हणजे पुढं कुणी चुकून खणू नये. बायका या दगडांवरून बोंबलणार, अशी नाईकला भीती होती. वाफ्यात दगड कुणाला हवा? झालं उलटंच. ज्यांच्या वाफ्यात दगड आला त्या त्याला हर्षीचा दगड म्हणतात, हळद-कुंकू लावतात, दोरीचं टोक त्यालाच बांधतात. ज्यांच्या वाफ्यात नाही आला त्या नाईकला अडवून विचारतात, “आमी काय घोरं मारलंय?” एकीनं तर दुसरीच्या वाफ्यातला दगड वीतभर आपल्याकडं सरकवायचा प्रयत्न केला. नाईक हात जोडून सांगत फिरतो की तो दगड सरकला तर खालची केबल सरकत नाही. कुणी ऐकत नाही.

माझा वाफा नाही, त्यामुळं माझ्या वाट्याला दगड नाही. पण बोंबील वाळायला लागल्यापासून मी दुपारची तिथं जाते. मैदानाच्या वरच्या टोकाला, टेकाड सुरू होतं तिथं, हिराकाकीच्या वाफ्यात एक दगड आहे. त्याच्यावर मी बसते. काल हिराकाकी टोपलं घेऊन आली आणि समोर उभी राहिली.

“ऊठ गं. माजा हाय तो.”

मी उठले नाही.